सकाळी निघावं, दिवेलागणीला घरी यावं

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला, 'ज्येष्ठांसाठी एक दिवसाच्या सहली'. मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस, बी.कॉम. झालेला. इतिहास शाळेत होता तेवढाच. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही दहा-बारा वर्षं सगळ्या पेन्शनरांना गोळा करून हिंडताय. जे सांगता ते लिहा." म्हणून लिहितो आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला तुळजापूरला नेतो. दर्शन झालं की कवड्यांची माळ आणि प्रसाद घेऊन परत. पाहुण्याने "अजून काही बघण्यासारखं आहे का इकडं?" असं विचारलं, तर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "काही नाही हो. दुष्काळी भाग आमचा." मीसुद्धा तीस-पस्तीस वर्षं हेच सांगत आलो. नोकरीत असताना फील्ड ऑफिसर म्हणून जिल्ह्यातली निम्मी गावं मोटारसायकलवर पालथी घातली. विहीर, मोटार, पाइपलाइन, म्हशी, सगळ्याची तपासणी केली. नळदुर्गच्या तटाला वळसा घालून शेकडो वेळा गेलो असेन, पण आत पाऊल टाकलं ते रिटायर झाल्यावर.

आमचा सहलींचा उद्योग सुरू झाला तो सोसायटीच्या मारुतीच्या कट्ट्यावर. आम्ही सात-आठ जण. कोपऱ्यावरच्या घरातले गुरुजी, एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलरसाहेब, तलाठीआप्पा, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या सिस्टर, आणि आमच्या मंडळी. गुरुजींनी चाळीस वर्षं इतिहास शिकवला होता. एकदा ते वैतागून म्हणाले, "रोज संध्याकाळी तेच बीपी आणि तीच शुगर. उद्या डबा घ्या, लेण्यांवर जाऊ."

धाराशिवची लेणी शहरापासून ७-८ किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगराच्या कुशीत आहेत. सात लेणी. त्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं सगळ्यांत मोठं. त्याचा मधला मंडप सुमारे ८० फूट लांब आणि तेवढाच रुंद, भोवती भिक्षूंच्या खोल्या. आपल्या सोसायटीचा हॉल त्यात किती वेळा मावेल याचा हिशोब तलाठीआप्पांनी तिथंच मांडला. खांबांची धाटणी अजिंठ्याच्या विहारांशी मिळतीजुळती आहे. जेम्स बर्जेस या स्कॉटिश संशोधकाने या लेण्यांची पाहणी करून १८७८ साली छापलेल्या अहवालात त्यांची नोंद केली. म्हणजे बाहेरच्या जगाला ती दीडशे वर्षांपासून माहीत आहेत. आम्हालाच सत्तरी गाठल्यावर दिसली.

लेणी बौद्धांची की जैनांची, हा वाद पहिल्याच सहलीत झाला. गुरुजींचं म्हणणं असं, की बहुतेक अभ्यासक ती मुळात बौद्ध आणि नंतर जैनांनी वापरात घेतलेली मानतात. आमच्यात एक जैन गृहस्थ आहेत. त्यांनी करकंड राजाची कथा सांगितली. अकराव्या शतकातल्या मुनी कनकामरांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' लिहिलं. त्यात हा राजा तेरापूरजवळच्या डोंगरातल्या लेण्यात येतो आणि तिथं पार्श्वनाथांची मूर्ती पाहतो. मूर्तीवर एक गाठ असते. ती फोडल्याबरोबर पाण्याचा लोंढा बाहेर येतो आणि लेणं भरून जातं. हिरालाल जैन यांनी हा ग्रंथ संपादित केला आणि १९३४ साली तो कारंजाहून प्रसिद्ध झाला. तेरापूर म्हणजे आपलं तेर. कंट्रोलरसाहेब एवढंच म्हणाले, "आपल्याकडची गोष्ट आहे, पाणी निघाल्याशिवाय संपायची नाही."

मला स्वतःला या वादात बँकेचीच भाषा सुचते. खातेदार बदलला, नाव बदललं, तरी शिल्लक मागच्या पानावरून पुढं ओढतात. आपल्या गावाचंही तेच. धाराशिव होतं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झालं आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव झालं. सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर 'उस्मानाबाद' आहे आणि या स्मरणिकेवर 'धाराशिव' छापलं जाईल. प्लॉट तेच, सभासदही तेच. काही सभासद मात्र आता राहिले नाहीत.

लेण्यांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पायवाटेला चढ-उतार आहे. पावसाळ्यात दगड शेवाळतात. ज्यांचे गुडघे अजून बोलत नाहीत, त्यांनी ही सहल सगळ्यांत आधी करून घ्यावी. देवदर्शन काय, व्हीलचेअरवरूनही होतं.

आता तेर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तेरचा आणि माझा जुना हिशोब आहे.

लातूर जिल्हा १९८२ साली आपल्यातून वेगळा झाला, त्यानंतर दोन-एक वर्षांनी माझी बदली तेरच्या परिसरातल्या एका शाखेत झाली. जूनमध्ये शेतकऱ्यांची नव्या-जुन्यासाठी गर्दी. म्हणजे जुनं पीककर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. एक दिवस एक म्हातारा शेतकरी टेबलासमोर बसला. अंगठा उठवून झाला, तरी उठेना. मग त्याने कनवटीची चंची काढली. तंबाखू मागतोय की काय, असं मला वाटलं. त्याने चंचीतून चार-पाच मणी काढून माझ्या लेजरवर ठेवले. लालसर, गुळगुळीत, आरपार भोक पाडलेले. म्हणाला, "सायेब, पाऊस पडून गेला की पांढरीत सापडत्यात. लई जुनं हाय म्हणं. काय असंल हो हे?"

मी काय बोललो ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आबा, यावर कर्ज बसत नाही." शाखेत सगळे हसले. तोही हसला. मणी परत चंचीत गेले. शेत कुठलं, पांढर कुठली, एवढंही मी विचारलं नाही.

नंतर जे वाचलं आणि पाहिलं, त्यावरून ते काय होतं याचा अंदाज येतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने भारताच्या किनाऱ्यावरच्या बंदरांचं आणि व्यापाराचं वर्णन लिहून ठेवलं. 'पेरिप्लस' या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर असल्याचं सांगितलं आहे. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई आणि पुढं जहाजाने रोमच्या साम्राज्यात. हे तगर नेमकं कुठं, यावर बरीच वर्षं तर्क चालले होते. कोणी जुन्नर सांगे, कोणी दौलताबाद. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्लीट या विद्वानाने ते तेर असल्याचं दाखवून दिलं. त्याच सुमारास हेन्री कझन्स यांनी गावात येऊन टेकाडं आणि देवळं तपासली. पुढं १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी इथं उत्खनन केलं. पांढरीची माती म्हणजे जुन्या वस्तीची राख, भिंती आणि चुली विरघळून झालेली माती. तो म्हातारा दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेवर ज्वारी पेरत होता.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ अवश्य बघा. विटांचं आहे आणि मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. हा आकार बौद्ध चैत्याचा. मुळात ते चैत्यगृह होतं, पुढं त्यात पाय उचललेला त्रिविक्रम उभा राहिला, असं अभ्यासक मानतात. इतक्या जुन्या काळातली, अजून उभी असलेली विटांची इमारत महाराष्ट्रात शोधूनही फारशी सापडायची नाही. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात आहे.

हे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय म्हणजे आपल्या जिल्ह्याची खरी मुदत ठेव. लामतुरे हे तेरचेच गृहस्थ. पुरातत्त्व हा काही त्यांचा पेशा नव्हता. पण लोकांना शेतात, पायात, विहिरीत जे सापडे ते त्यांनी आयुष्यभर जपून गोळा केलं आणि पुढं शासनाच्या हवाली केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, रोमन धर्तीचे दिवे, रोमन नाण्यांच्या ठशाची मातीची पदकं. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, वीतभरसुद्धा नाही. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्याआधी आपल्या बाजूची कारागिरी तिथल्या एका घरात पोचली होती.

आणि एका काचेच्या पेटीत मणी होते. लालसर, गुळगुळीत, आरपार भोक पाडलेले.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. आमच्या मंडळींना ती जुनी गोष्ट माहीत होती. त्या म्हणाल्या, "एक घेऊन ठेवायला हवा होता." मी म्हटलं, घेतला नाही ते बरंच झालं, तसलं काही घरात ठेवूच नये. पण नीट पाहिला तरी असता. लामतुऱ्यांच्या दारात तो म्हातारा गेला असता, तर त्याला पाटावर बसवून मणी दिव्यापाशी धरला गेला असता. माझ्या दारात आला आणि हसू घेऊन गेला.

संग्रहालयातून निघून तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. नामदेवांसकट सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं हे काकांनी तपासलं, ती गोष्ट इथलीच. सिस्टर म्हणाल्या, "आज आपल्या डोक्यावर मारलं तर?" गुरुजी म्हणाले, "तुमची मडकी पक्की आहेत, पण तळाला तडे गेलेत. गुडघे बघा!" तिथंच सावलीत आम्ही धपाटे, दही आणि शेंगाची चटणी सोडली. तेर अवघं २०-२२ किलोमीटर. जेवून, वामकुक्षी करूनसुद्धा चारला घरी येता येतं. चढ नाही, पायऱ्या नाहीत. ज्यांना लेणी झेपत नाहीत त्यांनी तेर करावं.

नळदुर्ग सुमारे ५५ किलोमीटर. तुळजापूर वाटेवरच लागतं, पण दोन्ही एका दिवसात करू नका. देवीच्या रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही, आणि किल्ला घाईत बघण्यासारखा नाही. तट सुमारे तीन किलोमीटरचा, बुरूज ११४. बोरी नदीला वळवून किल्ल्याच्या अंगाशी आणलेलं, आणि नदीवर बंधारा घालून पलीकडच्या रणमंडळाशी किल्ला जोडलेला. या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधला. पायऱ्या उतरून बंधाऱ्याच्या आत जायचं. तिथं नक्षीचं दालन आणि खिडक्या. नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात. एक नर आणि एक मादी. खिडकीसमोरून पाण्याचा पडदा पडतो आणि आत बसलेल्याच्या अंगावर थेंबसुद्धा येत नाही. चारशे वर्षं झाली. आपल्या गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग किती पावसाळे टिकतं, हे सभासदांना मी सांगायला नको.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते चुकीच्या वेळी, २०१६ च्या उन्हाळ्यात. तो उन्हाळा आठवतो ना? बोअर आटल्या होत्या. टँकर आला की घागरी, बादल्या, ड्रम घेऊन सगळे बाहेर. गुरुजी यादी करून पाळ्या लावायचे. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती आपल्याच स्टेशनातून पुढं गेली. आपण कोरड्या घशाने बघत राहिलो. अशा दिवसांत नळदुर्गला बोरी म्हणजे नुसते दगड. पाणीमहालाच्या खिडकीतून समोर भगभगीत ऊन. मला वाटलं, उगाच आलो. पण गुरुजी खूष. म्हणाले, "पाणी असतं तर पाणीच बघितलं असतं. आज बांधकाम दिसतंय." मग बंधाऱ्याचे चिरे, सांधे, पाणी सोडायच्या वाटा, सगळं त्यांनी काठीच्या टोकाने दाखवलं. म्हणाले, दुष्काळी मुलखातल्या राजाला चैन सुचली तीही पाणी अडवूनच सुचली. नंतर एका चांगल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. नर-मादी दोन्ही वाहत होते. आवाज एवढा, की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गुरुजी काही शिकवायच्या भानगडीत पडले नाहीत, खिडकीशी नुसते बसून राहिले.

किल्ल्यात उपळी बुरूज आहे. उंच, उभ्या पायऱ्या, वर दोन लांब तोफा. मी आणि कंट्रोलरसाहेब चढलो, बाकीचे खाली बसले. पायऱ्यांना आधार नाही, म्हणून ज्यांना चक्कर येते त्यांनी हट्ट करू नये. गावाजवळच मैलारपूरचा खंडोबा आहे. हा देव वर्षातले दहा महिने अणदूरला आणि बाकीचे दिवस नळदुर्गला राहतो. दोन्हीकडच्या मानकऱ्यांचा तसा करारच आहे. दोन मुलांकडे आलटून पालटून राहणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांना हा देव जवळचा वाटतो.

नळदुर्गची आणखी एक हकीगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती शुद्ध बँकिंगची आहे. हैदराबादच्या फौजेच्या पगारापायी निजाम इंग्रजांचा देणेकरी झाला. थकबाकी वाढत गेली. शेवटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. वसुली त्यांनी करायची. थोडक्यात, आपला जिल्हा तारण होता! नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठाणं, आणि तिथं डेप्युटी कमिशनर म्हणून आला कॅप्टन मेडोज टेलर. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालीच विलायतेत गाजली होती. इथं तो १८५७ पर्यंत राहिला, पुढं त्याने 'तारा' नावाची कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली तारण सुटलं. आपला मुलूख आणि रायचूर दोआब परत मिळाले, आणि सुमारे ५० लाखांची बाकी माफ झाली. आपल्या जिल्ह्याच्या नावावरची ही पहिली कर्जमाफी. उभ्या नोकरीत मी माफीच्या एवढ्या याद्या केल्या, त्यात एवढ्या मोठ्या रकमेचा खातेदार एकही नव्हता. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडलं नाही. कापूस पिकवणारं तारण कोण सोडेल? जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून इकडं आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तसं झालं नसतं, तर आपली सोसायटी आज बोरीच्या काठी असती.

पावसाळ्यात येडशीचं रामलिंग. जटायूसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं ती जागा, असं सांगतात. दाट झाडी, देवळामागं धबधबा. अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. माकडं डबा हिसकावतात, तेवढं सांभाळा. माझ्या लहानपणी येडशीला अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे होती. बार्शी-कुर्डुवाडी १८९७ मध्ये सुरू झाली, लातूरपर्यंत १९११ मध्ये पोचली, पण आपल्या शहराला तिने वळसा घातला. आपल्याला स्टेशन मिळालं ते ब्रॉडगेज झाल्यावर, म्हणजे २००८ च्या आसपास. येडशीच्या पुढं तडवळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथं परिषदेसाठी आले होते. भूमच्या बाजूला कुंथलगिरी आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथं सल्लेखना घेतली. परतताना पेढे घ्यावेत, पण शुगरवाल्यांनी पिशवी सिस्टरकडे द्यावी.

राहिला परंडा. तो शेवटी राहिला, त्याला कारण मी.

गुरुजींचं गाव परंड्याकडचं. "एकदा माझ्यासोबत परंड्याला चला," असं ते तीन वर्षं म्हणत होते. किल्ला भुईकोट, म्हणजे चढण नाही, भोवती खंदक. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा मलिक अंबरने मुर्तझा निजामशहाला इथंच गादीवर बसवलं. काही काळ परंडा निजामशाहीची राजधानी होता. विजापूरला पर्यटक जी मलिक-ए-मैदान तोफ बघतात, ती १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची. ती या परंड्यावर होती आणि १६३२ साली इथून विजापूरला नेली. गुरुजी म्हणायचे, "५५ टन! तुमच्या क्रूझरला टपावर पाच माणसं झेपत नाहीत." तोफ जिथं होती ती जागा आम्हाला दाखवायची, आणि मग जवळ डोमगावला सीनेच्या काठी कल्याणस्वामींच्या समाधीपाशी डबा खायचा, असा त्यांचा बेत. शिवाय ते ज्या शाळेत शिकले तिच्या ओट्यावर सगळ्यांनी फोटो काढायचा.

पहिल्या वर्षी माझा मुलगा सुट्टीवर आला. दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या ऑडिटचे कागद निघाले आणि मी खजिनदार. तिसऱ्या वर्षी म्हटलं, थंडी पडू द्या. गेल्या श्रावणात गुरुजी गेले. दोनच दिवस दवाखान्यात होते. वय ८१.

यंदा जानेवारीत आम्ही परंड्याला गेलो. बाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, बरोबर आल्या. किल्ल्यात तोफा होत्या, खंदक होता, मशीद होती, सगळं होतं. पण तोफेची जागा कोणती, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. तलाठीआप्पांनी एक बुरूज दाखवला, कंट्रोलरसाहेबांनी दुसराच. बाई म्हणाल्या, "भांडू नका, ते इथंच कुठंतरी म्हणायचे." शाळा सापडली. इमारत नवी आहे, ओटा राहिलेला नाही. आम्ही फाटकापाशी फोटो काढला.

थोडं व्यवहाराचं. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं, आणि २०२३ पासून महिलांना अर्धं. तेव्हा पैशाची सबब चालणार नाही. आधारकार्ड मूळच घ्यावं. औषधांची दुपारची गोळी डब्यातच टाकावी. बायकांसाठी नीट स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून निघतानाच थांबे ठरवून घ्यावेत. नातवंडांना शनिवार-रविवारी सोबत घ्यावं. मोबाइल बघतील, पण निदान तेरच्या मण्यांसमोर बघतील.

मार्गशीर्षात भूम तालुक्यातलं माणकेश्वरचं शिवमंदिर करायचं ठरतं आहे. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे आणि चढ नाही. क्रूझर ठरवली आहे, जागा बारा. त्यातल्या सात भरल्या. नावं माझ्याकडे नको, मी तारखा पुढं ढकलतो. कंट्रोलरसाहेबांकडे द्यावीत. ते गाडी वेळेवर सोडतात.